अर्ध्या कोयत्याची पोरं

श्रोतेहो, नमस्कार.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, मिळते ती कोयत्यावर. नवरा वारला की मागं राहिलेली बाई मुकादमाच्या वहीत अर्धा कोयता होते. उचल निम्मी, जुनी बाकी मात्र अख्खी. उरलेला अर्धा कुणी भरायचा? घरातल्या थोरल्यानं. मग तो आठवीत असो की नववीत. पोरगी असेल तर तिचं लग्न उरकतात, म्हणजे तिचा वेगळा कोयता होतो. सरकारी शाळेत फी नाही, आठवीपर्यंत पुस्तकं फुकट, दुपारची खिचडी आहे. तरी दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोद्याच्या शाळांत बाकं रिकामी पडतात.

आपल्याकडं आधार हरवलेल्या मुलांसाठी मोठी कामं झाली आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेनं सुमारे बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. शिरूर कासार तालुक्यात आर्वीला दीपक आणि कावेरी नागरगोजे यांचं शांतिवन आहे. औसा तालुक्यात हासेगावला एचआयव्हीबाधित मुलांचं सेवालय रवी बापटले यांनी उभं केलं. या लोकांपुढं हात जोडावेत. पण गावोगावचं प्रत्येक पोरगं उचलून संस्थेत नेता येत नाही, आणि नेऊही नये. ज्याला आई आहे, आजी आहे, त्यानं तिच्यापाशी राहूनच शिकावं.

त्यासाठी राज्य सरकारची बालसंगोपन योजना आहे. आई-बाप दोघंही नसलेल्यालाच नाही, एक पालक गेलेल्या मुलालाही ती लागू होते. २०२३ पासून महिन्याला २,२५० रुपये मिळतात, वयाच्या अठरा वर्षांपर्यंत. दोन लेकरं असलेल्या बाईला हे पैसे वेळेवर आले तर थोरल्याला उसाच्या फडात न्यायची पाळी टळू शकते.

अडतं ते कागदावर. आधार, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, बँकेचं पासबुक, घरासमोर काढलेला फोटो आणि बापाचा मृत्यू दाखला. हा शेवटचा कागद फार छळतो. मृत्यूची नोंद माणूस जिथं मरतो तिथं होते. बाप कोल्हापूरकडच्या फडात गेला, तर नोंदही तिकडच्याच ग्रामपंचायतीत. एकवीस दिवसांत नोंदवलं तर सोपं. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. दहाव्या-तेराव्याच्या धांदलीत हे त्या बाईला कोण सांगणार? आणि सांगितलं तरी रोज बुडवून, एसटीचं भाडं भरून ती तिकडं जाणार कशी?

आपण काय करतो? मुलाच्या वाढदिवसाला आश्रमात केक कापतो, पंगत घालतो, फोटो काढतो. पोरांना त्याच दिवशी दुसऱ्याही कुणाची पंगत असते, हे तिथल्या स्वयंपाकीणबाईंना विचारा. तोच खर्च एका बाईच्या कागदांवर करा. गावातला पदवीधर पोरगा तिच्यासोबत तहसीलला पाठवा, जाण्यायेण्याचं भाडं द्या, अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात पोचवून त्याची पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय परत यायचं नाही. पुढं बालकल्याण समितीसमोर मूल घेऊन जावं लागतं, तेव्हाही सोबत लागते.

दुसरं, हंगामी वसतिगृह. आई तोडीला गेली तरी मूल गावातच आजीजवळ राहावं, शाळेत जेवावं, अशी ती सोय. पण ऊसतोडीच्या टोळ्या दसऱ्यानंतर हलायला लागतात आणि मंजुरी कित्येकदा मागाहून येते. मधल्या दिवसांत पोरगं गाडीत बसलं की हंगाम संपेपर्यंत हातचं गेलं. शाळा व्यवस्थापन समितीतल्या मंडळींनी श्रावणातच याद्या करून ठेवाव्यात. मंजुरी येईपर्यंतच्या दोन वेळच्या जेवणाचं गणपती मंडळांनी बघावं. डीजेच्या सुपारीपेक्षा त्याला कमीच लागेल.

आणि मूल अगदीच उघड्यावर असेल, तर परस्पर कुठल्या तरी वसतिगृहात सोडून येऊ नका. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा, पैसे पडत नाहीत. मुलाचं नाव, गाव आणि सध्या ते कुणाजवळ आहे, एवढं सांगता आलं तरी पुरे.

नमस्कार.