सर्व्हर हॅक झालाय? आधी रीबूटवरचा हात काढा!

नमस्कार मंडळी. सर्व्हर अचानक रांगायला लागलाय, प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जाऊन बसलाय आणि 'टॉप' ही चालू प्रोग्रामांची यादी दाखवणारी कमांड मारून बघितलं तर 'केवर्कर' नावाची एक प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, सगळं खाताना दिसतेय. इथे बरेच जण दोनपैकी एक करतात: किल मारतात, म्हणजे ती प्रोसेस बंद पाडतात, नाहीतर थेट रीबूट. थांबा. दोन्ही नको.

केवर्कर हे लिनक्स कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, स्वतःच्या थ्रेडचं (आतल्या कामाचं) नाव. म्हणून तर भामटा तेच घेतो, यादीत दिसलं तरी कुणी ढुंकून बघत नाही. पण खरा कर्नल थ्रेड डिस्कवरच्या कुठल्या फाइलमधून चालत नसतो. आता स्क्रीनवर बघा. 'प्रॉक' नावाच्या सिस्टिम फोल्डरमध्ये प्रत्येक प्रोसेसच्या नंबराचं एक फोल्डर असतं, त्यात 'एक्झे' नावाची लिंक. खऱ्या केवर्करची लिंक कुठेच जात नाही. हिची मात्र 'टेम्प' या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमधल्या एका फाइलकडे जातेय आणि पुढे शेरा आहे, 'डिलीटेड'. म्हणजे प्रोग्राम सुरू केला आणि मागोमाग फाइल पुसली. टेम्पमध्ये जाऊन शोधाल तर हाती काही लागणार नाही. पण प्रोसेस जिवंत आहे तोवर कर्नलने ती धरून ठेवलेली असते, आणि याच लिंकवरून साध्या 'सीपी' या कॉपी करण्याच्या कमांडने अख्खी फाइल काढता येते. किल मारलंत की ही सोय गेली.

मग करायचं काय? नेटवर्क तोडा, वीज नाही. क्लाउडवर फायरवॉलचे नियम बदलले तरी आधीपासून चालू असलेली कनेक्शन्स कधीकधी तशीच राहतात, तेवढं तपासा. त्यानंतर मेमरीची इमेज, म्हणजे तिच्यातल्या सगळ्याची जशीच्या तशी प्रत, मग डिस्कचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची नक्कल. जे लवकर उडून जाईल ते आधी गोळा करायचं. 2002 सालच्या आरएफसी 3227 या पुरावे गोळा करण्याच्या मार्गदर्शक दस्तऐवजामध्ये हाच क्रम दिलाय.

आता तपास. तो त्याच मशीनवर बसून करू नका. रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेलं खातं, ज्याच्या हातात गेलंय त्याने प्रोसेस दाखवणारी 'पीएस' आणि फाइली दाखवणारी 'एलएस' या कमांडसुद्धा बदललेल्या असू शकतात, म्हणजे आरोपीलाच साक्षीला उभं केल्यासारखं. डिस्कची कॉपी दुसऱ्या स्वच्छ मशीनला फक्त-वाचन मोडमध्ये जोडा. क्रॉन आणि सिस्टिमडीचे टायमर (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं), एसएसएचच्या म्हणजे दुरून लॉगिन करण्याच्या ऑथराइज्ड कीज (मान्य किल्ल्यांची यादी), हे नेहमीचे अड्डे आधी. मग वेबसाइटचं अपलोड फोल्डर. फोटोंच्या गर्दीत एखादी पीएचपी फाइल, तारीख तीन वर्षांपूर्वीची? तारखेवर जाऊ नका, 'टच' कमांडने ती हवी तशी मागे नेता येते. 'सीटाइम' म्हणजे फाइलच्या नोंदीत शेवटचा बदल झाल्याची वेळ बघा, तो तितक्या सहजासहजी फिरवता येत नाही. त्या वेळेच्या आसपासचा ॲक्सेस लॉग, म्हणजे साइटवर कोण कधी आलं याची नोंद, उघडा. माणूस कुठून शिरला ते बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

"सापडलं ते पुसलं, झालं साफ," असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. माझं मत अगदी पक्कं आहे: सर्व्हर नव्यानेच उभारायचा. 2011 मध्ये खुद्द कर्नल डॉट ऑर्गवर, म्हणजे लिनक्स कर्नलच्या अधिकृत साइटवर, घुसखोरी झाली, तेव्हा त्यांनीही सर्व्हर पुन्हा इन्स्टॉल करायचाच रस्ता धरला. लिनक्सच्या सोर्स कोडची फारशी चिंता नव्हती, कारण गिट या कोड सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जुनी फाइल गुपचूप बदलली तर तिचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेली खूण, जुळत नाही. तुमच्या डेटाबेसला असं कवच नसतं. त्यामुळे बॅकअप कालचा आहे म्हणून खूश होऊ नका. घुसखोरी महिन्याभरापूर्वीची असेल तर कालच्या बॅकअपमध्ये तो घुसखोरही आहेच. आणि ज्या भोकातून तो आला ते बुजवल्याशिवाय नवा सर्व्हर नेटवर आणू नका.

पासवर्ड, टोकन, किल्ल्या, त्या सर्व्हरवर जे जे होतं ते सगळं बदला, पण त्या सर्व्हरवर लॉगिन करून नाही. त्याने एसएसएचचा सर्व्हरच बदललेला असेल तर तुमचा नवा पासवर्डही टाइप करताक्षणी त्याच्याकडे पोचेल.

मेमरीची इमेज उघडून त्यातून काय काय बाहेर काढता येतं, ते पुढच्या व्हिडिओत. आजच्या कमांड खाली डिस्क्रिप्शनमध्ये टाकल्यात.