रात्री आठची पातेली

कॅनडातला क्वेबेक प्रांत. 2012 चा वसंत. कोटावर, दप्तरावर, जिथे बघाल तिथे लाल फेल्टचा छोटा चौकोन, साध्या सेफ्टी पिनेनं अडकवलेला. अर्थ सरळ: लाल म्हणजे तोटा, आम्ही कर्जात आहोत.

निमित्त झालं फीवाढीचं. ज्याँ शारे यांच्या सरकारनं विद्यापीठाची वार्षिक फी 2168 डॉलरवरून पाच वर्षांत 3793 वर न्यायचं ठरवलं. सरकार म्हणे, एवढं वाढवूनही आपण उरलेल्या कॅनडाच्या मानानं स्वस्तच. हिशेब खोटा नव्हता. पण पोरांचा सवाल असा, की बरोबरी करायची ती महागाईतच का?

फेब्रुवारीपासून एकेका विभागाच्या सभेत संपाचे ठराव होत गेले. 22 मार्चला मॉंट्रियलच्या रस्त्यावर लाखाहून जास्त माणसं उतरली. त्या दिवशी तीन लाखांच्या आसपास विद्यार्थी संपावर होते. एप्रिलअखेर रोज रात्री मोर्चे निघू लागले. काचा फुटल्या, अश्रुधूर झाला, धरपकड झाली. शहरातले बरेच जण या सगळ्याला वैतागलेही होते.

18 मेला नवा कायदा आला, आणि सरकारनं हातातला डाव स्वतःच घालवला. पन्नास किंवा जास्त जणांचा मोर्चा? मग आठ तास आधी पोलिसांना मार्ग कळवा. नाहीतर दंड, संघटनेला थेट सव्वा लाख डॉलरपर्यंत.

त्यानंतर रात्रीचे आठ वाजले, की गॅलरीतून आवाज यायचा. पातेलं आणि लाकडी डाव. समोरच्या घरातून झाकण आणि पळी. कडेवर पोर घेतलेली आई, निवृत्त आजोबा. ज्यांचा फीशी काडीचा संबंध नाही, असे लोक जिना उतरून चौकात यायचे. थाळ्या वाजवणं 2020 मध्ये आपणही पाहिलं. पण ते सरकारनं सांगितलं म्हणून. इथे सरकारला ऐकू जावं म्हणून वाजत होतं.

4 सप्टेंबरला निवडणूक झाली. शारे स्वतःची जागाही हरले. पॉलिन मार्वा यांच्या नव्या सरकारनं त्याच महिन्यात फीवाढ रद्द केली.

पण फेब्रुवारी 2013 मध्ये त्याच सरकारनं उच्च शिक्षणावर बैठक बोलावली आणि दरवर्षी साधारण 3 टक्के वाढ ठरवली. विद्यार्थ्यांच्या सर्वांत जहाल संघटनेनं त्या बैठकीवर बहिष्कार टाकला आणि पुन्हा मोर्चा काढला. त्यांना कमी फी नको होती. फीच नको होती.