म्हशी विकून बुडालेला देश

नमस्कार मंडळी. आज करवीर तालुक्यातल्या आमच्या गावात, शेजारच्या काकांच्या गोठ्यात उभा आहे. हे बघा, दावणीला एकच रेडकू. इथं चार म्हशी होत्या. सगळ्या विकून काकांनी पैसे एका स्कीममध्ये घातले, दामदुप्पट मिळणार म्हणून. तीन हप्ते वेळेवर आले, मग ऑफिसला कुलूप.

एका अख्ख्या देशानं हेच केलं होतं. अल्बानिया, १९९७.

इटलीच्या समोर, समुद्रापलीकडं हा छोटा देश आहे. कम्युनिस्ट राजवट गेली आणि १९९२ पासून सुधारणांचा धडाका सुरू झाला. किमती मोकळ्या झाल्या, जमिनी शेतकऱ्यांना मिळाल्या, नाणेनिधीनंही पाठ थोपटली. पण घाम गाळून आणलेला पैसा ठेवायचा कुठं? सरकारी बँका बुडीत कर्जांनी पोखरलेल्या. मग खासगी कंपन्या ठेवी घ्यायला लागल्या. नव्याचे पैसे घ्यायचे, जुन्याला व्याज द्यायचं. १९९६ च्या नोव्हेंबरात जाफेरी नावाची कंपनी म्हणाली, तीन महिन्यांत तिप्पट. लगेच सुदे म्हणाली, दोन महिन्यांत दुप्पट! लोकांनी घरं विकली, शेतकऱ्यांनी गुरं बाजारात नेली. या कंपन्यांचं देणं १२० कोटी डॉलरवर गेलं, म्हणजे देशाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या जवळजवळ निम्मं.

मी सुधारणांना दोष देत नाही. अशा बेकायदा ठेवी बंद करायचा अधिकार मध्यवर्ती बँकेला त्याच वर्षी फेब्रुवारीत मिळाला होता. सरकारनं तो वापरू दिला नाही. का? मंत्री या कंपन्यांच्या कार्यक्रमांना मिरवत होते, आणि निवडणुकीत सत्ताधारी पक्षाला काही कंपन्यांचा पैसा गेला होता. राखणदारच त्यांच्या पंगतीला जेवत होता. मला राग येतो तो इथं.

जानेवारीत सुदे दिवाळखोर झाली. व्लोरा शहर पेटलं. मार्चपर्यंत लष्कराची कोठारं लुटली गेली, पोरासोरांच्या हातात बंदुका आल्या, दक्षिणेत सरकार उरलंच नाही. सुमारे २,००० माणसं मेली. शेवटी इटलीच्या पुढाकारानं परदेशी फौज आली, जूनमध्ये निवडणूक झाली आणि सत्ता बदलली.

आपल्याकडं ठेवीदारांसाठी १९९९ चा राज्याचा कायदा आहे, फसवणाऱ्यांची मालमत्ता त्याखाली जप्त होते. पण काकांनी वर्षभर तक्रारच दिली नाही. भावकीत तोंड कसं दाखवायचं, एवढ्यासाठी. तुमच्या घरात असं कुणी असेल तर त्यांच्यावर ओरडू नका, सोबत पोलीस ठाण्यात जा. आणि पावत्या, पासबुक, मोबाईलवरचे मेसेज, यातलं काहीही टाकून देऊ नका.