उंदीर, कळ आणि अधूनमधून मिळणारी गोळी

श्रोतेहो, नमस्कार. अध्यापनाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांना वर्तनवाद, म्हणजे दिसणाऱ्या वर्तनावरून शिकण्याचा अभ्यास करणारी मानसशास्त्राची शाखा, म्हटला की अन्नाची चाहूल लागताच लाळ गाळणारा पाव्हलॉव्हचा कुत्रा हमखास आठवतो, आणि अनेकांचा वर्तनवाद तिथेच संपतो. पण कुत्र्याच्या तोंडाला सुटणारी लाळ ही आपोआप घडणारी क्रिया आहे. प्राणी स्वतःहून जे करतो, ते तो कसे शिकतो, हा प्रश्न त्याने सुटत नाही. 1898 मध्ये मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकने पिंजऱ्याची कडी उघडू पाहणाऱ्या मांजरांवर प्रयोग करून त्याला हात घातला आणि पुढे बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने तो तडीस नेला.

स्किनरच्या पेटीत भुकेला उंदीर कळ दाबी आणि खाद्याची गोळी खाली पडे. या गोळ्या तो स्वतःच, औषधाच्या गोळ्या वळण्याच्या यंत्रावर करी. एका शनिवारी दुपारी त्याच्या लक्षात आले, की उरलेला साठा सोमवारी सकाळीच संपणार. सुटीचा दिवस गोळ्या वळण्यात घालवण्याऐवजी त्याने मिनिटाला एकच गोळी द्यायचे ठरवले, मग उंदराने त्या मिनिटात कळ कितीही वेळा दाबो. उंदीर दाबतच राहिले! खंडित प्रबलनाच्या, म्हणजे दर वेळी नव्हे तर अधूनमधून बक्षीस देण्याच्या, पुढच्या विस्तृत अभ्यासाचे मूळ या काटकसरीत आहे, ही गोष्ट मला कोणत्याही सिद्धान्तापेक्षा अधिक मोलाची वाटते.

या अभ्यासातून असे दिसले, की दर वेळी बक्षीस मिळून जडलेली सवय बक्षीस थांबताच लवकर ओसरते. उलट कधी मिळेल याचा नेम नसलेल्या बक्षिसावर पोसलेली सवय फार चिवट असते. दुकानात चॉकलेटसाठी हटून बसलेल्या मुलाला आई चार वेळा ‘नाही’ म्हणते आणि पाचव्यांदा, लोक बघताहेत म्हणून, देऊन टाकते, तेव्हा मूल ‘नाही’चा अर्थ शिकत नाही; पाच वेळा रडावे लागते, एवढेच शिकते. पुढे आईने खरोखरच ठाम राहायचे ठरवले, तर रडणे आधी कमी होण्याऐवजी वाढू शकते, आणि नेमके त्याच वेळी, उपाय फसला असे समजून, ती पुन्हा चॉकलेट हातावर ठेवते. आता मुलाला सहाव्यांदाही रडून पाहावेसे वाटते.