नेरूळला राहून गेलेली मॅच

(दृश्य : पहाट. डी. वाय. पाटील स्टेडियमचे दिव्यांचे उंच खांब, खाली सायन-पनवेल हायवेवरची तुरळक वाहतूक.)

२३ जानेवारी २०२२. रविवार. संध्याकाळी साडेसातला या स्टेडियममध्ये भारत विरुद्ध चायनीज तैपेई अशी मॅच होती. महिला फुटबॉलच्या आशियाई करंडकातला आपला दुसरा सामना. कोविडमुळे प्रेक्षकांना आत सोडत नव्हते. म्हणून आम्ही नेरूळकर, स्टेडियमपासून चालत दहा मिनिटांवर राहणारे, टीव्हीसमोर बसलो होतो.

मॅच झालीच नाही.

आपल्या संघात करोनाच्या इतक्या केसेस निघाल्या, की नियमाप्रमाणे लागणाऱ्या किमान १३ खेळाडूही उभ्या करता येईनात. स्पर्धा आपल्याकडे आणि स्पर्धेतून बाद आपणच. तीन दिवस आधी याच मैदानावर इराणशी ०-० अशी बरोबरी झाली होती, तीसुद्धा रद्दबातल धरली गेली. कार्य आपल्या घरचं, मांडव आपला, आणि पंगतीला आपलंच पान नाही.

हे सगळं आज उकरून काढायला कारण आहे.

(दृश्य : रिकाम्या खुर्च्यांवरून सरकत जाणारा कॅमेरा. हिरवळीवर पाणी मारणारे कर्मचारी.)

आता डिसेंबर २०२५ संपत आलाय. मार्च २०२६ मध्ये भारताचा महिला संघ ऑस्ट्रेलियात आशियाई करंडक खेळेल. क गटात जपान, व्हिएतनाम, चायनीज तैपेई आणि आपण. पहिला सामना ४ मार्चला पर्थमध्ये व्हिएतनामशी, दुसरा ७ मार्चला तिथेच जपानशी. आणि १० मार्चला सिडनीत, चायनीज तैपेई.

नेरूळला राहून गेलेली मॅच. चार वर्षं उशिरा, समुद्रापलीकडे.

चायनीज तैपेई म्हणजे आपण ज्याला तैवान म्हणतो तोच देश. खेळाच्या मैदानावर त्याला या नावानं उतरावं लागतं. त्यांचा-आपला हिशोब खरं तर २०२२ च्याही आधीचा आहे. जानेवारी १९८० मध्ये कोळिकोडला झालेल्या आशियाई स्पर्धेत भारत फायनलला पोचला होता. समोर हेच होते. आपण हरलो. १९८३ मध्ये बँकॉकला पुन्हा फायनल, पुन्हा उपविजेते. म्हणजे भारतीय मुली आशियात दुसऱ्या नंबरवर होत्या असा एक काळ होता. त्यानंतरची घसरण इतकी लांबली की तो काळ आता कुणाच्या आठवणीतही नाही.

आणखी एक योगायोग. २०२२ ला आपण बाहेर पडल्यावर स्पर्धा थांबली नाही. ६ फेब्रुवारीला याच स्टेडियममध्ये व्हिएतनाम आणि चायनीज तैपेई समोरासमोर आले. जो जिंकेल त्याला वर्ल्ड कपचं तिकीट. व्हिएतनामनं २-१ असा सामना मारला आणि त्या देशाचा फुटबॉल संघ पहिल्यांदा सीनिअर वर्ल्ड कपला गेला. कुठून? आपल्या नेरूळमधून. त्याच दिवशी फायनलमध्ये चीन दक्षिण कोरियाविरुद्ध ०-२ असा मागे पडूनही ३-२ नं जिंकला. मोठमोठ्या गोष्टी घडून गेल्या त्या दिवशी इथे. आपली तेवढी एक राहिली.

(दृश्य : संग्रहित छायाचित्रं. चिआंग माई, थायलंड. पावसाळी आकाश.)

ऑस्ट्रेलियाचं तिकीट कसं मिळालं, ते जरा सविस्तर सांगते. त्याशिवाय पुढच्या वर्षाचा अंदाज बांधता येणार नाही.

जून-जुलै २०२५. थायलंडमधल्या चिआंग माईत पात्रता फेरी. गटात पाच संघ, पुढे जाणार फक्त पहिला. भारतानं मंगोलियाला १३-० हरवलं, त्यात प्यारी खाखाचे एकटीचे पाच गोल. मग तिमोर-लेस्तेवर ४-०, इराकवर ५-०. ऐकायला छान वाटतं. पण थायलंडही गप्प बसला नव्हता. शेवटच्या सामन्याआधी दोन्ही संघांचे गुण सारखे, केलेले गोल प्रत्येकी २२ आणि दोघांवर झालेले शून्य. शाळेतल्या गणिताच्या पुस्तकात असं उदाहरण दिलं, तर मुलं म्हणतील, बाई, हे मुद्दाम केलंय.

थायलंड हा दोनदा वर्ल्ड कप खेळलेला संघ, आणि मॅच त्यांच्याच घरी. ५ जुलैला बंगालच्या संगीता बासफोरनं पूर्वार्धात लांबून एक फटका मारला, तो थेट जाळ्यात. मध्यंतरानंतर लगेच थायलंडनं बरोबरी साधली. इथे आपले संघ सहसा मान टाकतात. अर्धा-पाऊण तास बचाव करत राहायचं, आणि शेवटी एक चूक व्हायची. यावेळी ७४ व्या मिनिटाला पुन्हा संगीताच पुढे आली. २-१.

प्रशिक्षक होते क्रिस्पिन छेत्री. पात्रता फेरी खेळून, जिंकून या स्पर्धेत जागा मिळवण्याची भारतीय महिला संघाची ही पहिलीच वेळ. २०२२ ला आपण होतो ते यजमान म्हणून. हे तिकीट मात्र रांगेत उभं राहून काढलेलं आहे.

(दृश्य : नकाशावर पर्थ आणि सिडनी. मग सानपाड्याच्या पुलाखालून जाणारी लोकल.)

आता २०२६ चं गणित.

बारा संघ, तीन गट. प्रत्येक गटातले पहिले दोन उपांत्यपूर्व फेरीत जातील, शिवाय तिसऱ्या क्रमांकाच्या तीन संघांपैकी दोन. म्हणजे तीनातला एकच तिसरा घरी जाणार. आणि एकदा उपांत्यपूर्व फेरी गाठली, की २०२७ च्या ब्राझीलमधल्या वर्ल्ड कपचं दार किलकिलं होतं. सेमीफायनलचे चार संघ सरळ आत. उरलेल्या चार संघांत आपापसांत सामने होतील, त्यातले दोन विजेतेही आत. हरलेल्या दोघांना इतर खंडांच्या संघांशी खेळून आणखी एक संधी.

वर्ल्ड कप हा शब्द भारतीय फुटबॉलच्या वाक्यात आला की लोक हसतात, मला ठाऊक आहे. मीही हसायचे. पण कागदावर तरी ही वाट आहे, आणि ती व्हिएतनाम आणि तैपेई या दोन सामन्यांतून जाते.

जपानचं काय? जपान २०११ चा जगज्जेता आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ताश्कंदला ऑलिंपिक पात्रता स्पर्धेत त्यांनी आपल्याला ७-० असं धुतलं होतं. पर्थमध्ये त्यांना हरवू असं म्हणणारा एकतर फार प्रेमळ असेल किंवा त्यानं ती मॅच पाहिली नसेल. तिथे प्रश्न एवढाच आहे, की किती गोल खायचे. कारण तिसऱ्या क्रमांकाच्या संघांची तुलना होईल तेव्हा गोलफरक बघितला जाईल. दोन-तीन गोलांवर निभावलं तर ती हारही कामाची. सात-आठ झाले, तर तैपेईला हरवूनसुद्धा परतीचं विमान पकडावं लागू शकतं.

त्याच ताश्कंदच्या स्पर्धेत व्हिएतनामकडून आपण ३-१ असे हरलो होतो. हा स्कोअर मला जास्त महत्त्वाचा वाटतो. एक गोल आपणही केला होता, आणि दोन गोलांचं अंतर काही डोंगराएवढं नसतं. जागतिक क्रमवारीत व्हिएतनाम आणि तैपेई आपल्यापेक्षा बऱ्याच पायऱ्या वर आहेत. पण थायलंडही वरच होता.

संघात माणसं आहेत. मनीषा कल्याण आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये मनाउसला, ब्राझीलच्या घरात, ब्राझीलविरुद्ध गोल करणारी. ती मॅच आपण ६-१ नं हरलो, पण तो गोल मी अजून काढून बघते. पुढे सायप्रसमधल्या क्लबकडून युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी ती पहिली भारतीय. ग्रेस डांगमेई आहे, मणिपूरची. तीही नेरूळच्या त्या अर्धवट स्पर्धेत होती. बचावाला स्वीटी देवी, गोलमध्ये पंथोई चानू. तेलंगणाची सौम्या गुगुलोथ विंगवर.

मग अडचण कुठे आहे? मॅच मिळत नाहीत, ही अडचण आहे.

(दृश्य : रिकामं मैदान, गोलपोस्टला टेकवून ठेवलेली जाळी.)

जुलैमध्ये थायलंडला हरवलेला संघ ऑक्टोबरमध्ये शिलाँगला इराणकडून ०-२ आणि नेपाळकडून १-२ हरला. आपल्याच जमिनीवर. समाजमाध्यमांवर लगेच पोरींना बोल लावणं सुरू झालं. मला त्यात पोरींपेक्षा मधले महिने दिसतात. पात्रता मिळवल्यावर मोठ्या संघांशी दर महिन्याला दोन सामने हवे होते. सरावात धावून दम वाढतो, पण दोन गोलांनी मागे पडल्यावर डोकं कसं शांत ठेवायचं, ते मॅचमध्येच कळतं. आता जानेवारी आणि फेब्रुवारी हातात आहेत. त्यात किती दमदार सामने होतात, यावर माझा सगळा अंदाज अवलंबून आहे.

पुरुषांच्या संघाचं वर्ष पटकन सांगून होईल. ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून १-२ हरलो आणि २०२७ च्या आशियाई करंडकाची वाट तिथेच बंद झाली. नोव्हेंबरमध्ये ढाक्याला बांगलादेशकडून ०-१. प्रशिक्षक खालिद जमील यांच्या हाती संघ होता तो असा, भांडी विकायला निघालेल्या घरासारखा. डिसेंबर आला तरी इंडियन सुपर लीगचा पत्ता नव्हता. खेळाडू क्लबात बसून आणि क्लब वाट बघत बसून. त्यांच्यासाठी २०२६ म्हणजे घर आवरण्याचं वर्ष.

त्या मानानं मुलींचं पान भरलेलं आहे. सीनिअर संघ ऑस्ट्रेलियात. वीस वर्षांखालील मुलींनी ऑगस्टमध्ये म्यानमारला त्यांच्याच देशात १-० हरवून आशियाई करंडक गाठला, तोही वीस वर्षांनी. ऑक्टोबरमध्ये बिश्केकला उझबेकिस्तानवर २-१ अशी मात करून सतरा वर्षांखालील मुलीही आपल्या आशियाई करंडकात पोचल्या. एकाच वर्षी तिन्ही वयोगट आशियात खेळणार. बातमी पेपरात आतल्या पानावर होती, खाली, टायरच्या जाहिरातीशेजारी.

(दृश्य : २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्रीची नेरूळ स्टेशनबाहेरची गर्दी. निळे टी-शर्ट, तिरंगे.)

२ नोव्हेंबरला याच स्टेडियममध्ये हरमनप्रीतच्या संघानं दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकला. त्या रात्री आमच्या सोसायटीत झोपलं कुणीच नाही. वॉचमनकाकांनी गेट उघडंच ठेवलं होतं. मी गॅलरीत उभी राहून दिव्यांचे ते खांब बघत होते आणि खरं सांगायचं तर मला आनंदाबरोबर थोडा हेवाही वाटला. तेच गवत, तेच दिवे. एका संघाला तिथे अख्खं स्टेडियम मिळालं, दुसऱ्याला रिकाम्या खुर्च्यांसमोर नव्वद मिनिटं आणि मग क्वारंटाइन.

क्रिकेटच्या त्या संघामागे काही वर्षांची मॅच फी, लीग, टीव्ही असं सगळं उभं राहिलं होतं. फुटबॉलमध्ये २०२४-२५ च्या इंडियन विमेन्स लीगमध्ये आठ क्लब होते. महाराष्ट्रातला एकही नाही. म्हणजे नवी मुंबईतल्या एखाद्या मुलीला देशाच्या वरच्या लीगमध्ये खेळायचं असेल, तर तिनं पहिल्यांदा राज्य सोडायचं. खारघरला सिडकोनं फुटबॉलसाठी सेंटर ऑफ एक्सलन्स उभारलंय, गावोगाव तासाच्या भाड्यानं टर्फ झालेत, शनिवारी रात्री तिथे आयटीवाल्यांची झुंबड असते. मुलींना मिळतो तो पहाटेचा स्लॉट, कारण तो स्वस्त असतो.

(दृश्य : पहाट. मैदान. बारा-पंधरा मुली, कोनांमधून चेंडू नेण्याचा सराव. एकीच्या बुटाला चिकटपट्टी.)

नेरूळच्या या मुली आठवड्यातून चारदा येतात. जानेवारी २०२२ मध्ये यातल्या बऱ्याच जणी तिसरी-चौथीत, घरात मोबाइलवर शाळा करत होत्या. आपल्या घरापासून दोन सिग्नल पलीकडे भारताची एक मॅच व्हायची होती आणि झाली नाही, हे त्यांना सराव घेणाऱ्या सरांनी सांगितलं तेव्हा कळलं. ग्रूपवर आता जो फोटो आहे तो संगीता बासफोरचा, चिआंग माईतला.

४ मार्चचा व्हिएतनामचा सामना ऐन शिमग्यात येतो. त्या दिवशी पटकन कुणी सापडायचं नाही, हे सरांनी गृहीत धरलंय. ७ तारखेला शनिवार, म्हणजे प्रश्न नाही, पण समोर जपान असल्यामुळे सर तो सामना लहान मुलींना दाखवावा की नाही या विचारात आहेत. १० मार्चचं मात्र आत्तापासून ठरवायला घेतलंय. मंगळवार आहे. सिडनी आपल्या साडेपाच तास पुढे, त्यामुळे तिकडची रात्र म्हणजे इथली भर दुपार. सोसायटीचं क्लब हाऊस मागितलंय, सेक्रेटरी अजून हो म्हणालेले नाहीत. नाहीच मिळालं तर सरांच्या घरी, वन-बीएचकेमध्ये, पंधरा मुली.

दोघी दहावीला आहेत. त्यांची परीक्षा त्याच दिवसांत चालू असेल. त्यांच्या आयांशी बोलणी सुरू आहेत.

(दृश्य : मुली चेंडू गोळा करून जाळीच्या पिशवीत भरतात. मागे स्टेडियमचे दिवे, बंद.)