आन्येझेची वाट

हे पाणी कोमाक्किओचं. इटलीत पो नदीच्या मुखाशी पसरलेली ही दलदल. बांध, लव्हाळी, सपाट बुडाच्या होड्या. इथे ना डोंगर, ना जंगल. १९४४ साली जर्मन सैन्याशी लढणारी पोरं या पाण्यातच लपायची.

त्यांच्यासाठी सायकल दामटत येणारी ही आन्येझे. पन्नाशीची, अंगानं जड, लोकांचं धुणं धुऊन पोट भरणारी. जुलिआनो मोन्ताल्दो यांच्या १९७६च्या सिनेमाची नायिका. सिनेमाचं नावच सगळं सांगून टाकतं: 'आन्येझे मरायला निघते'.

तिच्या आजारी नवऱ्याला, पालिताला, जर्मन धरून नेतात. तो परत येत नाही. आन्येझे आक्रोश करत नाही. त्याच्या साथीदारांचे निरोप पोचवू लागते, स्फोटकंही नेते.

मग एक दिवस एक जर्मन शिपाई तिची मांजर गोळी घालून मारतो. पालिताच्या जीवाची मांजर. आन्येझे त्या शिपायाचीच बंदूक उचलते आणि दस्ता त्याच्या डोक्यात घालते. मला सिनेमातली सगळ्यात खरी जागा हीच वाटते. इतके दिवस गिळलेलं दुःख त्या एका क्षणी तिच्या हातांत उतरतं. धुण्याचे पिळे पिळून घट्ट झालेले ते हात. त्यानंतर घर उरत नाही. लढणाऱ्या पोरांचा तळ, त्यांचं रांधणं, त्यांचे कपडे, हाच तिचा संसार.

आन्येझे साकारली स्वीडनच्या इन्ग्रिड थुलिननं. आणि ही गोष्ट लिहिणारी रेनाता विगानो स्वतः या लढ्यात परिचारिका होती. तिची कादंबरी आली १९४९ साली.

त्या हिवाळ्यात सगळे दोस्त सैन्याची वाट पाहत होते. पण आघाडी दक्षिणेला सेनिओ नदीपाशी अडली. नोव्हेंबरात दोस्त सैन्याचा या पोरांना रेडिओवरून निरोप आला होता: मोठ्या कारवाया थांबवा, हिवाळा काढा. आन्येझेला तो हिवाळा काढता आला नाही. नाक्यावर तिला ओळखलं गेलं. बर्फावर पडलेली तिची काळी आकृती डोळ्यांपुढून हलत नाही.

९ एप्रिल १९४५ला सेनिओ ओलांडली गेली. ओलांडणाऱ्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटण होती. संगमनेरजवळच्या निमज गावचा नामदेव जाधव दोन जखमी सोबत्यांना एकेक करून खोल पाण्यातून, सुरुंगांमधून घेऊन गेला. मग एकट्यानं मशीनगनची ठाणी गप्प केली, काठावर उभा राहिला आणि मराठ्यांची युद्धगर्जना करत मागच्यांना हात हलवून बोलावू लागला.