टीना शूतेय आणि ४.७५ चा घोळ

नमस्कार श्रोतेहो.

स्लोव्हेनिया हा जेमतेम वीस लाख वस्तीचा देश. तिथे खेळाचा विषय निघाला की लोक बास्केटबॉलच्या लुका डॉन्चिचवर बोलतात, सायकलपटू पोगाचारवर बोलतात, नाहीतर स्कीइंगवर. या मांदियाळीत पोल व्हॉल्टवाल्या, म्हणजे लांब काठीच्या आधाराने उंच आडवी दांडी ओलांडणाऱ्या, टीना शूतेयकडे लक्ष जायला वेळ लागला. ल्युब्लियानाची ही मुलगी १९८८ ची. अमेरिकेत आर्कान्सा विद्यापीठाकडून खेळली, लंडन आणि रिओ ऑलिंपिकला जाऊन आली. युरोपियन इनडोअरचं, म्हणजे बंदिस्त स्टेडियममधल्या स्पर्धेचं, रौप्य मात्र मिळालं २०२१ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी.

आता माझ्या आवडीची गोष्ट. साल २०२२, मार्च महिना, बेलग्रेड, जागतिक इनडोअर स्पर्धा. टीनाने ४.७५ मीटर ओलांडलं. अमेरिकेच्या केटी नॅजॉटनेही ४.७५ च ओलांडलं. लक्षात घ्या, उंची तीच. पण रौप्य केटीला, कांस्य टीनाला! कारण उंची सारखी झाली की चुका मोजतात: आधी त्या उंचीवर कोणाचे प्रयत्न कमी फसले, तरीही बरोबरी राहिली तर एकूण किती फसले. पुढे ऑगस्टमध्ये म्युनिकला युरोपियन स्पर्धा. पुन्हा टीना ४.७५, पुन्हा समोरची, ग्रीसची स्तेफानिदी, तीही ४.७५, आणि पुन्हा टीनाला कांस्य. एका वर्षात दोनदा ४.७५, दोनदा तिसरी.

(२०१९ चा क्रिकेट वर्ल्ड कप आठवतोय ना? लॉर्ड्सवर चौकार मोजून विजेता ठरवला होता. मला तो निकाल आजही पटलेला नाही. न्यूझीलंडला अर्धा कप द्यायला हवा होता. असो.)

तर पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०२३, बुडापेस्ट, जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी. टीनाही होती, पण पदक हुकलं. वर उरल्या दोघी: केटी, लग्नानंतर आता केटी मून, आणि ऑस्ट्रेलियाची नीना केनेडी. दोघींनी ४.९० ओलांडलं, दोघी ४.९५ ला तीन-तीनदा पडल्या आणि चुकाही अगदी सारख्या. आता आणखी उड्या मारून सोक्षमोक्ष लावायचा, की इथेच थांबायचं? नीनानेच केटीला विचारलं, सुवर्ण वाटून घ्यायचं का? केटी हो म्हणाली. दोघींनी मिठी मारली, दोघी विश्वविजेत्या. नंतर लोकांनी केटीला पळपुटी म्हटलं. मला विचाराल तर इतक्या उड्यांनंतर पाय थरथरत असताना आणखी उड्या मारायला सांगणाऱ्यांनी एकदा तो पोल हातात धरून बघावा.

आणि हीच ती केटी बरं का, बेलग्रेडची! पण तिथे टीनाला असं काही विचारायची सोयच नव्हती. जादा उडी किंवा वाटणी, दोन्ही फक्त पहिल्या क्रमांकासाठी. दुसऱ्या जागेसाठी चुकांची मोजदाद, बस्स.